शेख सरांची उजळणी

शेख सरांना भाकरी येत नव्हती. एकटा माणूस, भाड्याची खोली, गॅसची शेगडी आणि रोज तव्यावर भाकरीचे तुकडे. मी ओसरीवरून बघायची. एक दिवस म्हटलं, "सर, तुमच्या हाताला वळणच न्हाई. माझ्याकडनं नेत जा दोन."

ते म्हणाले, "नेतो, आजी. पण आधी ही का तुटते ते कळू द्या."

मग त्यांचं सुरू झालं. एक दिवस पाणी जास्त कढत घेतलं, बाकी सगळं तसंच. भाकरी तुटली. दुसऱ्या दिवशी पाणी पहिल्यासारखं आणि पीठ जास्त वेळ मळलं. तुटली. मग तवा जास्त तापवला. तुटली, वर करपली. मी म्हटलं, "अहो, सगळंच एकदम नीट करा की. रोज एकेक काय बदलता?" ते म्हणाले, "एकदम बदललं तर कशानं बिघडत होतं ते कधीच कळणार नाही." त्यांचा बाप गेवराईत ट्रकचा मिस्तरी. बापाच्या हाताखाली पाने-पकडी देत लहानाचे मोठे झाले. बाप म्हणायचा म्हणे, एका वेळी एकच नट ढिला करायचा, आवाज ऐकायचा, मग पुढचा. सरांनी विज्ञान कॉलेजात शिकलं असेल, पण ही खोड गॅरेजातली होती.

शेवटी पिठावर आले. दुकानातलं पीठ जुनं होतं, त्याची विरी गेलेली होती, म्हणजे चिकटपणाच उरला नव्हता. नवी ज्वारी दळून आणली आणि भाकरी धड निघाली. मी हाताला नावं ठेवली होती. हात तरीही वाईटच होता, पण भाकरी तुटली नाही एवढं खरं.

खोली बघायला आले तो दिवस अक्षय तृतीयेचा. आमच्याकडं आखिती म्हणतात. त्या दिवशी आम्ही शेतातली चार ढेकळं आणून मांडतो आणि त्यांवर पाण्यानं भरलेली मातीची नवी केळी ठेवतो. चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. केळी पाझरते. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. सरांनी खोली बघायची सोडून त्या केळीपुढं उकिडवं बसकण मारली.

"आजी, यंदा कोणतं भिजलंय?"

"आषाढाचं."

"मागच्या साली?"

"आषाढाचंच."

"त्याच्या आधी?"

"मला आठवतंय तवापासून आषाढाचंच."

"आणि पाऊस?"

"पाऊस त्याच्या मनानं पडतो."

ते हसले नाहीत. मान तिरकी करून केळीच्या बुडाकडं बघत राहिले. म्हणाले, "ही जरा फिरवून ठेवली तर?"

मी म्हटलं, "हात लावायचा न्हाई. पूजेची हाय."

"नाही लावत," म्हणाले, आणि आमच्याकडं होते तोवर लावला नाही. मला तेवढं पुरलं. त्यांचं नाव शेख आहे म्हणून गल्लीतल्या दोघी-तिघी मला सांगायला आल्या की खोली देऊ नका. मी विचारलं, तुमी ठेवणार हाय का भाडेकरू? त्या गेल्या.

त्यांची दुसरी एक खोड होती, तिचा लोकांना जास्त त्रास व्हायचा. कोणी काही सांगितलं की विचारायचे, "पाहिलं की ऐकलं?" मी म्हटलं, शेजारच्या कौसाबाईची म्हैस आटली. "पाहिलं की ऐकलं?" ऐकलं. "मग ऐकलं म्हणा." कोणाची पोरगी पळाली, कोणी बांध कोरला, कोणाच्या बोअरला पाणी लागलं, सगळ्याला तेच. आधी बाया चिडल्या. मग त्याच एकमेकींना विचारायला लागल्या आणि गल्लीतली निम्मी भांडणं बसली. निम्मी राहिली, कारण ती पाहिलेली होती.

जूनमध्ये शाळा उघडली. गावातलं हायस्कूल, आठवी ते दहावी. माझी नात कोमल नववीत गेली होती. गेली म्हणायची. आठवीचं अर्धं वर्ष ती शाळेत नव्हतीच. माझा लेक भागवत आणि सून दर साली दसरा झाला की कारखान्यावर ऊस तोडायला जातात, चैतात येतात. कोमल एरवी माझ्याकडं राहायची. मागच्या साली धाकटं लेकरू दूधपितं होतं, त्याला कोपीवर, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीवर, सांभाळायला तिला नेलं. तिच्या वर्गात अशी बरीच पोरं होती. दिवाळीआधी वर्ग भरलेला, दिवाळीनंतर निम्मा. आमच्या भागात याचं कोणाला नवल वाटत नाही.

शेख सरांना नववीचं विज्ञान दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पुस्तकं दप्तरात ठेवायला सांगितली. म्हणाले, आधी उजळणी. कोमल घरी येऊन मला म्हणाली, "आज्जी, सर येडे हायेत. तासभर लिंबू बघायला लावलं."

"लिंबू?"

"अर्धं कापलेलं. जे दिसतं ते लिहा म्हणले. मी लिहिलं, लिंबू पिवळं हाय, आंबट हाय. सर म्हणले, आंबट दिसतं का? चाखलंस का? खोडलं. ऋषिकेशनं लिहिलं, लिंबात क जीवनसत्त्व असतं. ते पण खोडलं."

ऋषिकेश हा आबांचा पोरगा. आबा आमच्या गावातले मोठे बागायतदार, शाळा समितीचे अध्यक्ष. पोरगा तालुक्याला शिकवणीला जायचा आणि नेहमी पहिला यायचा. त्याचंही खोडलं म्हटल्यावर कोमलला सर थोडे कमी येडे वाटायला लागले.

रोज असंच. एक दिवस नुसतं मोजायचं, तेही पट्टी न घेता. आपली वीत, आपलं पाऊल, आणि मग दोघांचं माप जुळत नाही म्हणून भांडायचं. एक दिवस नुसते प्रश्न काढायचे, उत्तर द्यायला बंदी. एक दिवस अंदाज. भिंत ओली आहे हे दिसतं, पाऊस येऊन गेला हा अंदाज, नळ फुटला हाही अंदाज, मग कोणता खरा ते कसं ठरवायचं. कोमल संध्याकाळी चुलीपुढं बसून हे मला सांगायची. आठवीत तिनं एवढं कधी सांगितलं नव्हतं. सांगायला काही नव्हतंच, ती उसाच्या फडात होती.

मी एकदा सरांना विचारलं, "हे कधी शिकवायचं असतंय?"

"पाचवीपासून," म्हणाले. "दर साली थोडं. सगळ्यांचंच राहून गेलंय. जे गावात राहिले त्यांचं पण. ही एक गोष्ट अशी आहे आजी, की यात कोणी कोणाच्या पुढं नाही."

पण पंधरवडा सरला तरी पुस्तक उघडलं नाही आणि गावात बोलणं सुरू झालं. उजळणी म्हणजे पाढे, एवढंच लोकांना माहीत. विज्ञानाची कसली उजळणी? हेडमास्तर एका संध्याकाळी सरांच्या खोलीवर आले. मी दारातच शेंगा फोडत होते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. हे ऐकलेलं आहे, पण माझ्या कानांनी.

हेडमास्तर म्हणाले, "शेख सर, पुढच्या साली ही पोरं बोर्डाला बसणार. समितीचं म्हणणं असं आहे की नववीचे दोन वर्ग करू. जे वर्षभर हजर होते ते अ. ऊसतोडीहून आलेले ब. म्हणजे हुशार पोरांचं नुकसान व्हायला नको."

"आणि ब ला शिकवणार कोण?"

"बघू कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोणी नाही, सर."

"तुम्ही पुस्तक उघडलं असतं तर ही वेळ आली नसती."

"पुस्तक उघडलं असतं तर पहिल्याच दिवशी अ आणि ब झाले असते. तुम्हाला करावे लागले नसते."

हेडमास्तर माणूस वाईट नाही. घाबरट आहे. ते म्हणाले, "सोमवारी पालक सभा आहे. आबा स्वतः येऊन पोरांना प्रश्न विचारणार. ऊसतोडीची पोरं गप बसली तर मंगळवारपासून वर्ग वेगळे."

सर म्हणाले, "येऊ द्या."

त्या रात्री भागवतला मी हे सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "ब मधी टाकली तर शाळा बंद. ढ पोरांत बसायला तिला कावून ठेवू? दसऱ्याला संगं नेतो. पोरगी मोठी झाली, मोळ्या बांधील, आन दोन सालानं उजवून टाकू." कोमल तिथंच भांडी विसळत होती. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. भागवत वाईट बोलला असं नाही, तो सरळ हिशेबाचं बोलला. ब मध्ये टाकलेल्या पोरांचं पुढं काय होतं हे त्यानं पाहिलेलं होतं, तो स्वतःच तसा होता.

आता तोवर वर्गात काय चाललं होतं ते सांगते. सरांनी तेलगावच्या बाजारातून एक साधं मडकं आणलं होतं. पोरांकडून शाळेच्या आवारातली चार ढेकळं आणवली. त्यांना महिन्यांची नावं दिली नाहीत, पूजा नाही, काही नाही. वर्गाच्या कोपऱ्यात ढेकळं मांडली, वर मडकं, त्यात पाणी. पोरं म्हणाली, सर, हे तर आखितीचं. सर म्हणाले, "आखिती घरी. इथं माती आणि पाणी." सकाळी बघितलं तर खिडकीकडचं ढेकूळ चिंब, बाकीची तिन्ही कोरडी. प्रश्न पोरांनीच काढला, एकच का भिजतं? मग अंदाज. प्रत्येकानं आपला सांगायचा. सरांनीही सांगितला. मडक्याची एक बाजू पातळ असेल, तिकडून जास्त पाझरत असेल. फळ्यावर सगळ्यांचे अंदाज लिहिले, त्यात सरांचाही. मग मडकं रिकामं ठेवून ढेकळं वाळू दिली. रविवारी संध्याकाळी पोरांनी जाऊन ते भरलं आणि अर्धं फिरवून ठेवलं, ढेकळं जागची हलवली नाहीत. सरांचा अंदाज खरा असला तर आता दारापासलं ढेकूळ भिजायला पाहिजे होतं.

सोमवारी मी सभेला गेले. भागवत मुकादमाकडं गेला होता आणि सून असल्या ठिकाणी तोंड उघडत नाही. आबा खुर्चीत बसले होते, पांढरे कपडे, बाजूला हेडमास्तर. आम्ही पालक मागं सतरंजीवर.

आबा म्हणाले, "हं सर, पुस्तकातलं विचारू का? का ते अजून कोरं हाय?"

"कोरं आहे, आबा. दुसरं काही पण विचारा. पण पाठ केलेलं उत्तर मिळणार नाही. त्यांना शोधावं लागेल."

आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि कोपऱ्यातलं मडकं दिसलं. "हे काय? आखिती होऊन दोन महिने होत आले. सर, तुमाला आमच्या सणाचं काय काम?" पुढं त्यांच्या तोंडाशी आणखी काही आलं होतं. ते त्यांनी गिळलं, पण काय होतं ते सतरंजीवरच्या सगळ्यांना कळलं.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आबा, माझी केळी त्यांनी बोटानं शिवली न्हाई. हे बाजारातलं मडकं हाय, ह्याला कोण पुजलंय?"

आबा मला काय बोलणार, मी त्यांच्या आईच्या वयाची. ते म्हणाले, "बरं, मग हेच सांगा. एकच ढेकूळ कावून भिजतंय?"

सरांनी पोरांना पुढं बोलावलं. सगळे वाकून बघायला लागले. खिडकीकडचंच ढेकूळ चिंब होतं. मडकं फिरलं होतं तरी.

आबा हसले. त्यांनी फळा वाचला होता. "सर, तुमीच नापास."

हेडमास्तरांनी खाली बघितलं. सर उठले, खडू घेतला आणि आपल्या अंदाजापुढं मोठ्या अक्षरांत लिहिलं, चुकला. हात झटकले. त्यांच्या तोंडावर काही फरक नाही, भाकरी तुटायची तेव्हा असायचं तसंच. म्हणाले, "मडकं नाही. आता?"

ऋषिकेश म्हणाला, "सर, उत्तर सांगा ना. लिहून घेतो."

"मला माहीत नाही."

मास्तर असं बोललेला मी माझ्या चार इयत्तांत ऐकला नव्हता. मग कोमल उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता, पण ऐकू येत होता. "सर, आता ढेकळं बदलायची. खिडकीकडचं दाराकडं, दाराकडचं खिडकीकडं. मडकं हलवायचं न्हाई."

आबा म्हणाले, "दोन्ही बदल की, काम लवकर होईल."

"न्हाई आबा. दोन्ही बदललं आन ओल सरकली, तर ती कुणामुळं सरकली ते कळणार न्हाई."

"मागच्या साली कुठं होतीस तू?"

"कारखान्यावर."

मागून एका पोरानं विचारलं, मडक्यात पाणी आधीएवढंच ठेवायचं का? तोही ऊसतोडीचा. तिसरी म्हणाली, खिडकीतून ऊन येतं, ते पण हिशेबात धरा. ऋषिकेश तिला म्हणाला, "रात्री कुठलं ऊन, येडे?" ती म्हणाली, "मग वारा." सर मध्ये पडले नाहीत. भिंतीला टेकून उभे होते. ढेकळं अदलाबदल करून ठेवली आणि सर म्हणाले, "आबा, उत्तर उद्या."

"म्हंजे आज न्हाईच?"

"माती आपल्या वेळेनं भिजते."

आबा उठले. निर्णय काही सांगितला नाही. हेडमास्तर त्यांच्या मागं मागं गेले. घरी येताना कोमल मला म्हणाली, "आज्जी, वर्ग फुटला का?" मी म्हटलं, "अजून कुणी बोललं न्हाई. उद्या बघ."

मंगळवारी शाळेची घंटा व्हायच्या आधी मी तिथं होते. बघायचं होतं म्हणून गेले, दुसरं काही कारण नाही. आबांची गाडी फाटकापाशी आधीच उभी होती. वर्गात आबा मडक्यापुढं उकिडवे बसलेले, पांढऱ्या पँटीला माती लागलेली. खिडकीकडं आता दुसरं ढेकूळ होतं, आणि तेच चिंब होतं. दाराकडं नेलेलं वाळत आलं होतं.

आबा म्हणाले, "मडकं न्हाई, ढेकूळ न्हाई. मग कावून?"

"जागा," कोमल आणि तो मागच्या बाकावरचा पोरगा बरोबरच म्हणाले.

"जागेत काय हाय?"

ऋषिकेशनं खिशातून गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. ती गडगडत खिडकीकडं गेली. फरशीला उतार होता. मडकं तिकडं कलायचं आणि पाझरलेलं पाणी बुडावरून ओघळून त्याच बाजूला उतरायचं. हा अंदाज. ऋषिकेश लगेच उत्तर म्हणून लिहायला लागला तर कोमलनं त्याचा हात धरला. "थांब की. आधी मडकं सपाट करून बघू." फरशीचे तुकडे खाली सारून जागा सपाट केली आणि कोरडी ढेकळं मांडली. दुसऱ्या दिवशी चारही ढेकळं सारखी ओली झाली. ते कोमलनं मला सांगितलं, आणि आबांनाही कोणीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी शाळेत माणूस पाठवून विचारलं होतं.

पण मंगळवारचं सांगायचं राहिलं. आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. हेडमास्तर दारात आले होते, हातात अ आणि ब च्या याद्या. आबा म्हणाले, "ठेवा त्या. वर्ग एकच राहू द्या. ह्यांना एकमेकांशी भांडायची सवय लागलीय, मोडू नका." मग सरांकडं वळले. "पण सर, आता पुस्तक उघडा. घटक चाचणीत पोरं पडली तर मी पुन्हा येईन."

"उद्या त्या मडक्याचं होऊ द्या. परवा उघडतो," सर म्हणाले.

"आजच का न्हाई?"

"उजळणी उद्या संपते, आबा."

आबा निघून गेले.

माझ्या ओसरीचा उतार न्हाणीकडं आहे आणि आषाढाचं ढेकूळ मी न्हाणीकडंच मांडते. ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. आखितीला मी अजूनही ढेकळं मांडते. ती पूजा आहे. पावसाचं मी रेडिओवर ऐकते.

भागवत दसऱ्यानंतर गेला. कोमल राहिली. दूधपितं लेकरू आता चालायला लागलं होतं, ते माझ्या गळ्यात पडलं. कोमल पहिली वगैरे आली नाही. पास झाली, दहावीत गेली. वर्ग एकच राहिला. सर मात्र आमच्याकडं थोडेच दिवस होते. श्रावणात त्यांची कायमच्या नोकरीची ऑर्डर आली, धर्मापुरीकडच्या एका शाळेवर. मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडं होते. परत आले तर खोली झाडून पुसून स्वच्छ आणि किल्ली कौसाबाईकडं. त्यांच्या जागी एक बाई आल्या. बऱ्या आहेत.

म्हणून मी त्यांना शाळेत शेवटचं पाहिलं ते पुस्तक उघडलं त्या गुरुवारी. कोमल डबा विसरली होती, तो द्यायला गेले. खिडकीतून बघितलं. मागच्या साली गावात राहिलेले आणि फडात गेलेले एकाच बाकावर दाटीनं बसले होते, कोण कोणतं ते मला ओळखू येईना. सर पुस्तक हातात धरून उभे. पहिला धडा, पहिलं वाक्य त्यांनी वाचलं. ते गतीविषयी होतं, मला कळलं नाही. दुसरं वाक्य सुरू करणार तोच मधल्या बाकावरून ऋषिकेशचा हात वर झाला.

"सर, हे लिहिणाऱ्यांना कसं कळलं?"

सरांनी पानात बोट घातलं, पुस्तक मिटलं आणि त्याच्या बाकाच्या कडेला बसले. मी डबा खिडकीत ठेवला आणि घरी आले.